घरपोच 'क्रेफिश पार्टी' संच, सोलापूर : पाचपैकी तीन

स्वीडनमध्ये ऑगस्टात क्रेफिश (गोड्या पाण्यातला, छोट्या लॉबस्टरसारखा कवचवाला जीव) उकडून थंडच खातात. या संचात त्याऐवजी गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी येते. तेवढं चालतं, पण खारं पाणी फसलंय. लिटरभर पाण्याला साधारण 60 ग्रॅम जाडं मीठ, चमचाभर साखर आणि फुलोरा आलेला शेपू हवा. इथे मंडईतली कोवळी जुडीच टाकलीय, तिला तो बडीशेपेकडे झुकणारा वास नाही. फुलावर आलेला शेपू मळेवाल्याला आधी सांगूनच मिळतो.

क्रेफिशला दहा मिनिटं लागतात, कोळंबीला उकळीनंतर तीन-चार पुरेत. गॅस बंद केला तरी गरम पाण्यात ती शिजतच राहते, म्हणूनच इथली रबर झालीय. पातेलं लगेच बर्फात बसवावं, मग त्याच पाण्यासकट रात्रभर फ्रीजमध्ये. निथळून ठेवली तर मीठ आत मुरत नाही.

कागदी टोप्या आणि हसऱ्या चंद्राचे कंदील झकास. गळ्यात बांधायला कागदी फडक्याऐवजी सोलापुरी टॉवेल दिलाय, ही अक्कल मात्र खरी! हातानं सोलून, डोकं सुर्रकन चोखून खायचं म्हटल्यावर कागद किती टिकणार? सोबतचा चीज पाय (चीज भरून भाजलेला, pie) कोरडा, त्यापेक्षा कडक भाकरी बरी.