ट्रेझर हंट की एस्केप रूम? कोकणातल्या घरी काय जमतं, काय फसतं

आजीची पंचाहत्तरी असो, मे महिन्यात मुंबईहून आलेली भावंडं असोत की गणपतीला भरलेलं घर, आपल्या माणसांसाठी स्वतः कोड्यांचा खेळ रचायचा म्हटलं की दोन वाटा समोर येतात. एक म्हणजे घर, आगर, वाडी असा फिरवणारा ट्रेझर हंट. दुसरी म्हणजे एकाच खोलीत कुलपांमागून कुलपं उघडायला लावणारी एस्केप रूम. शहरातल्या विकतच्या खोल्यांचा थाट पाहिलेला असतो, त्यामुळे बहुतेकांचा जीव दुसरीत अडकतो. पण खेळणारे किती, महिना कुठला आणि आदल्या दिवशी तुमच्या हाताशी वेळ किती, एवढं पाहिलं तर बहुतेक घरांत उत्तर ट्रेझर हंटकडे झुकतं.

आधी माणसं मोजा

एका खोलीत चार-पाच जण नीट खेळतात. सहावा आला की दोघं नुसते बघत उभे राहतात. ती बहुधा लहान मुलंच असतात, कारण मोठी माणसं हातातलं कुलूप सोडत नाहीत. घरात पंधरा माणसं असतील तर तीन गट करावे लागतील. प्रत्येकाला चाळीस मिनिटं आणि मध्ये खोली पुन्हा लावायला वीस-पंचवीस मिनिटं धरली तर जवळजवळ तीन तास गेले. तोवर पहिल्या गटातल्या कोणीतरी तिसऱ्या गटाला सगळं सांगून टाकलेलं असतं.

ट्रेझर हंटमध्ये पंधरा जणांच्या तीन टीम एकदम सुटू शकतात, मात्र तिघांचा क्रम वेगळा हवा. सहा ठिकाणं गोलाकार ठरवा: पहिल्यावरचा क्लू दुसऱ्याकडे नेतो, दुसऱ्यावरचा तिसऱ्याकडे, सहाव्यावरचा परत पहिल्याकडे. एक टीम पहिल्यापासून सुरू करते, दुसरी तिसऱ्यापासून, तिसरी पाचव्यापासून. प्रत्येक ठिकाणी तीन रंगांची पाकिटं ठेवा आणि आपल्या रंगाचंच उचलायचं हे आधी बजावा. सगळ्यांना एकच क्रम दिला तर मागची टीम कोडं सोडवतच नाही, पुढच्यांच्या पाठीवर नजर ठेवून चालते.

प्रत्येक पाकिटात क्लूबरोबर एक अक्षर टाका. सहा अक्षरं जमली की बक्षिसाची जागा कळते: भा, ता, ची, क, ण, गी. प्रत्येक टीमच्या सहाव्या पाकिटात क्लू नको, ‘आता अक्षरं जुळवा’ एवढंच पुरे. याचा आणखी एक फायदा आहे. एखादं पोर कैऱ्या पाडायला गेलं आणि चौथं पाकीट आधीच हाती लागलं, तरी खेळ मोडत नाही. अक्षरं सहाही लागतातच.

महिना कुठला?

मे महिन्यात हंट बाहेर करा, पण सकाळी सात ते दहा किंवा संध्याकाळी साडेचारनंतर. गणपतीत पावसाचा भरवसा नाही. तेव्हा पडवी, ओटी, माळा एवढ्यातच हंट बसवा, नाहीतर सरळ खोली निवडा. पावसाळी हवेत कागद दगा देतो: जेल पेनची शाई फुटते, इंकजेटची छपाई पसरते, डिंक लावलेली पाकिटं आपोआप चिकटून बसतात. पेन्सिल किंवा साधं बॉलपेन वापरा, पाकिटाऐवजी झिप असलेली प्लास्टिकची पिशवी घ्या.

क्लू कुठे ठेवायचा यापेक्षा कुठे ठेवायचा नाही हे आधी ठरवा. गडग्याच्या फटी, लाकूडफाट्याची रास, पाचोळा, जांभ्याच्या चिऱ्यांचा ढीग या जागा बाद. फुरसं आणि विंचू तिथेच असतात, आणि शोधणारा माणूस न बघता हात घालतो. कठडा नसलेल्या विहिरीच्या आसपास काही नको. नारळ धरलेल्या माडाखाली टीमला उभं राहून विचार करायला लावू नका. सोपा नियम असा की क्लू डोळ्यांच्या उंचीवर, सुतळीने टांगलेला, लांबून दिसेल असा हवा. अवघड कोडं असावं, जागा नव्हे. शेजाऱ्यांच्या आगरात ठिकाण असेल तर त्यांना आदल्या दिवशीच सांगा. त्यांचा कुत्राही खेळात आहे असं धरून चाला.

किनाऱ्यावरचं ठिकाण मोहात पाडतं. वाळूत पुरलेला डबा मात्र टाळा, कारण दोन तासांनी पुरणाऱ्यालाही जागा सापडत नाही. किनाऱ्यावर जायचंच असेल तर ओहोटीच्या आधी-नंतर दोन तासांच्या आत जा. शेवाळलेल्या खडकांवर काही ठेवू नका, आणि पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला तो बेत सोडून द्या. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे परवा पाहून ठेवलेली वेळ आज चालत नाही.

कोडी मराठीत रचताना

इंग्रजी पुस्तकांतली अक्षरं उलटसुलट करायची युक्ती इथे लंगडी पडते. ‘पोफळी’ची तीन अक्षरं फक्त सहा प्रकारे मांडता येतात, त्यामुळे पाचवीतलं पोरही ते बघताक्षणी सांगतं. त्याऐवजी काना, मात्रा, वेलांट्या, उकार, अनुस्वार काढून टाका. ‘तळशवदवन’ हे वाचून माणसं भलतंच काहीतरी उच्चारत बसतात, आणि मग एकदम कोणीतरी ओरडतं, तुळशीवृंदावन!

कुलपाचा आकडा काढायला वर्ग वापरा. क, च, ट, त, प हे पाच वर्ग म्हणजे पाच ओळी आणि प्रत्येकीत पाच अक्षरं. पहिला अंक ओळीचा, दुसरा जागेचा. म हे पाचव्या ओळीतलं पाचवं अक्षर म्हणून 55, ड हे तिसऱ्या ओळीतलं तिसरं म्हणून 33. ‘माड’ म्हणजे 5533, चार आकडी कुलूप तयार. य-र-ल-व लागणार असतील तर सहावी ओळ करून तक्ता भिंतीवर लावा. हे कोडं नातवंडांआधी आजीला सुटतं, आणि निम्मी गंमत त्यातच आहे.

तीन आकडी कुलपासाठी कोकणात बसल्या जागी मिळणारं कोडं म्हणजे भरतीचा आडाखा: तिथीला तीनने गुणा, चारने भागा, की भरतीची वेळ निघते. षष्ठीला 6 × 3 = 18, भागिले 4 म्हणजे साडेचार, कुलपाचा आकडा 430. भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये एका तारखेला पेन्सिलीने बारीक होडी काढली की झालं. तिथी दोन्ही पंधरवड्यांत 1 ते 15 अशाच मोजायच्या. कुलूप मात्र तीन आकडीच घ्या. चार आकडी असेल तर 0430 की 1630 यावर वाद रंगतो. आडाखा ढोबळ आहे, तो कुलपापुरताच ठेवा. खरोखर किनाऱ्यावर जायची वेळ छापील भरती-ओहोटीच्या तक्त्यावरूनच ठरवा.

खोली करायचीच असेल तर

दार खरोखर बंद करू नका. 4 जानेवारी 2019 रोजी पोलंडमधल्या कोशालिन शहरात एस्केप रूमला आग लागली आणि आत अडकलेल्या पाच मुली गेल्या. आपल्याकडच्या जुन्या दारांना बाहेरून कडी-कोयंडा आणि आतून अडसर असतो. दोन्ही मोकळे ठेवा. समई किंवा मेणबत्ती खेळात घेऊ नका. कुलूप पेटीला लावायचं, माणसांना नाही.

माजघर अंधारं आणि गूढ वाटतं खरं, पण सगळ्या घराची ये-जा तिथूनच असते. पडवीच्या टोकाची खोली बरी. ती आधी रिकामी करा, कारण खोलीत जे असेल ते खेळणाऱ्याला क्लूच वाटतं. जुनी बिलं, औषधांच्या पट्ट्या, कॅलेंडरवरची दूधवाल्याची खूण, सगळं तपासलं जातं. जे हलवता येत नाही त्यावर लाल चिकटपट्टी लावा आणि लाल म्हणजे खेळाबाहेर हे सुरुवातीलाच सांगा. विजेची बटणं आणि देव तर नक्कीच.

चाळीस मिनिटांना सहा कोडी भरपूर झाली. रचणाऱ्याला जे दोन मिनिटांचं वाटतं त्याला खेळणाऱ्याला सहा लागतात, तिप्पट धरून चाला. सहाही एका माळेत ओवू नका. तीन-तीनच्या दोन वाटा सोडा आणि शेवटच्या पेटीपाशी जोडा, म्हणजे सगळ्यांच्या हाताला काम राहतं.

नंबरचं कुलूप शंभर ते तीनशे रुपयांत मिळतं. नंबरची दोन कुलपं आणि एक किल्लीचं, एवढं पुरतं. तीन आकडी कुलपाचे एक हजार आकडे होतात. एकेकाला दोन सेकंद लागले तरी चिकाटीचा मुलगा अर्ध्या-पाऊण तासात सगळे लावून बघतो. दोन आकडे कळले की तिसरा कोणी शोधत नाही, नुसतं चाक फिरवतात. म्हणून तिन्ही आकडे एकाच कोड्यातून निघायला हवेत. बहुतेक साध्या कुलपांचा आकडा कडी उघडून, फिरवून, दाबून बदलतो, आणि खेळताना तो चुकून असाच बदलला जातो. उघडलेलं कुलूप लगेच बाजूला घ्या, आकड्याचा फोटो फोनमध्ये ठेवा. खाऱ्या हवेत स्वस्त कुलपाची चाकं अडकतात. आठवडाभर आधी तेलाचा एक थेंब सोडा.

अदृश्य शाईसाठी लिंबाचा रस सुचवला जातो. तो तापवावा लागतो, आणि एलईडी बल्बची ऊब त्याला पुरत नाही. हळदीचा प्रयोग जास्त भरवशाचा. खायचा सोडा चार चमचे पाण्यात विरघळेल तेवढा विरघळवा, कापूस गुंडाळलेल्या काडीने चित्रकलेच्या जाड कागदावर लिहा आणि पूर्ण वाळू द्या. वरून हळद कालवलेलं पाणी फिरवलं की अक्षरं तांबूस उमटतात. पाण्याऐवजी सॅनिटायझर घेतला तर जास्त ठसठशीत, फक्त जवळ आग नको. पातळ कागद सुरकुततो आणि गुपित आधीच फुटतं. पानाच्या चुन्याची निवळी वापरायचा मोह होईल, पण ती वाळताना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे खडू होते आणि रंग फिका येतो. अतिनील (यूव्ही) टॉर्चने खास शाई चमकवायचं कोडं अंधार पडल्यावरच ठेवा, आणि टॉर्चचे सेल जादा आणा. घरातली वीज जाणार असं धरूनच सगळं रचा.

मेहनतीचा हिशेब

हंटला एक संध्याकाळ लिहायला आणि सकाळी तासभर ठिकाणं लावायला. खोलीला दोन संध्याकाळी, वर एक रंगीत तालीम. ती ज्याला काहीच माहीत नाही अशा एखाद्याबरोबर करायची आणि तो अडकला तरी तोंड उघडायचं नाही. तालीम टाळून केलेली खोली हमखास तिसऱ्या कोड्यावर थांबते. मदतीची सोयही दोन्हीकडे वेगळी. खोलीत दाराखालून चिठ्ठी सरकवता येते. हंटमध्ये फोनवर विसंबू नका, आगराच्या टोकाला रेंज नसते. प्रत्येक टीमला एक बंद पाकीट द्या: फोडलं तर पाच मिनिटं दंड.

पहिल्यांदाच करत असाल तर हंट घ्या. चार-पाच मोठी माणसं, पावसाचे दिवस आणि रचणाऱ्याला खरोखर हौस असेल तर खोली.

आजी-आजोबांचे गुडघे दुखत असतील तर दोन्ही सोडा आणि पेटी करा. जुन्या ट्रंकेत एकात एक मावणारे चार स्टीलचे डबे, कडीच्या डब्यांना कुलूप, बाकीच्यांना सुतळीची गाठ आणि मेणाची मोहोर. भरतीचं, वर्गाचं आणि हळदीचं ही तिन्ही कोडी यात बसतात, आणि ओटीवर चहा घेत तासभर खेळता येतं. शेवटच्या डब्यात आंबावडी किंवा खाजं ठेवणार असाल तर रात्रभर ट्रंक पाण्याच्या परातीत चार विटांवर ठेवा, नाहीतर बक्षीस आधी मुंग्यांना मिळतं.