भिजत घालायचं की मुरू द्यायचं: मराठी करताना जर्मन रकाना धरावा की फ्रेंच?

लाकडाला लावायचं तेल, बुटांवरचा फवारा, गंज सोडवणारं तेल, हातपंपाचे सुटे भाग. युरोपातून येणाऱ्या अशा मालाच्या पत्रकात तोच मजकूर पाच-सहा भाषांत शेजारीशेजारी छापलेला असतो. मराठी करणाऱ्याने आधार कुठल्या रकान्याचा घ्यावा? यंत्र असेल तर आधी मुखपृष्ठ बघा. युरोपीय संघाच्या 2006/42/ईसी या यंत्रविषयक निर्देशानुसार सूचनांवर ‘मूळ सूचना’ की ‘मूळ सूचनांचा अनुवाद’ हे लिहावं लागतं. मूळ हाती आलं की प्रश्न मिटला. इतर मालावर बहुधा तशी खूण नसते.

इंग्रजी सोयीची वाटते, पण ‘सोक’ दोन्हीकडून चालतं: कापड पाण्यात ‘सोक’ होतं आणि तेलही लाकडात ‘सोक’ होतं. नुसतं ‘लेट इट सोक’ छापलं असेल, तर वस्तू तेलात ठेवायची की वरून लावलेलं तेल मुरू द्यायचं, हे त्या वाक्यातून कळत नाही. इंग्रजी पडताळ्यापुरती ठेवावी.

फ्रेंच हा घोळ करत नाही. ‘लेसे त्रांपे’ म्हणजे वस्तू द्रवात राहू द्या, ‘लेसे पेनेत्रे’ म्हणजे द्रव वस्तूत जाऊ द्या. फडकं ओलं करून घ्यायचं असेल तर ‘अँबिबे’. स्वयंपाकघरात तर फ्रेंचच वरचढ म्हणावी लागेल. थंड द्रवात मुरवणं, गरम पाण्यात अर्क उतरवणं, मसाला लावून ठेवणं, प्रत्येकाला तिथे वेगळं क्रियापद आहे.

अडचण एकट्या ‘त्रांपे’ची. बुडवून लगेच काढणं आणि भिजत ठेवणं, दोन्हींना हेच. त्याआधी ‘लेसे’ (राहू देणं) किंवा ‘फेर’ (करवणं) असलं तर वेळ द्यायचा हे समजतं, पण पत्रकं लिहिणारे जागा वाचवायला ते गाळतात. पंपाचा चामडी वॉशर बसवण्याआधी तेलात मुरावा लागतो. नुसता बुडवून काढला तर चामडं कडकच राहतं, कडा नळीला चिकटत नाहीत, दाब धरत नाही. उलट ब्रश पाण्यात नुसता बुडवून काढायचा असताना तो रात्रभर भिजत ठेवला, तर लाकडी मूठ फुगते, रंगाला तडे जातात, केस सुटतात. एकच शब्द, आणि नुकसान दोन्ही बाजूंनी. त्यात आणखी ‘व्हेर त्रांपे’ म्हणजे टफन्ड काच आणि ‘आसिए त्रांपे’ म्हणजे पाणी दिलेलं पोलाद. लोहाराच्या मराठीला हे दुसरं तरी परकं वाटू नये.

जर्मनमध्ये ‘आइनटाउखेन’ म्हणजे बुडवणं, ‘आइनवाइशेन’ म्हणजे मऊ पडेपर्यंत भिजत घालणं, ‘ट्रेंकेन’ म्हणजे पुरेपूर पाजणं (गुरांना पाणी पाजण्यालाही हेच), आणि ‘आइनत्सीएन लासेन’ म्हणजे लावलेलं तेल आत ओढलं जाऊ देणं. या शेवटच्याला आपलं ‘मुरू देणं’ अगदी बरोबर बसतं. सूचनापत्रकांपुरतं तरी माझं माप जर्मनकडे झुकतं ते या वेगळेपणामुळे.

जर्मनही निर्धोक नाही. ‘डुर्शड्रिंगेन’ एका रूपात पार पलीकडे जाणं आणि दुसऱ्या रूपात सर्वत्र भिनणं. मूळ रूपाचं स्पेलिंग एकच. साध्या मुख्य वाक्यात ‘डुर्श’ तुटून शेवटी गेला असेल तर पाणी भिंतीच्या पलीकडे आलं आहे, क्रियापदाला जोडूनच राहिला असेल तर ओल भिंतभर पसरली आहे. गंजलेला बोल्ट सोडवणाऱ्या तेलाला तर जर्मन ‘क्रीशओल’, म्हणजे सरपटत जाणारं तेल, असंही म्हणते. फ्रेंच ‘देग्रिपां’ आणि स्पॅनिश ‘आफ्लोहातोदो’ ही नावं अडकलेलं सोडवण्यावरून पडली आहेत. मराठीत इंग्रजी ‘पेनिट्रेटिंग ऑइल’चं शब्दशः ‘भेदक तेल’ करण्यापेक्षा ‘गंज सोडवायचं तेल’ बरं.

सगळ्यांत जपून राहावं ते ‘इम्प्रेग्नीरेन’पाशी. बुटांच्या आणि जाकिटांच्या फवाऱ्यावर त्याचा अर्थ पाणी आत शिरू न देणं असा असतो, तर लाकडाच्या संदर्भात संरक्षक द्रव आत मुरवणं असाही असतो. इथे शेजारचा फ्रेंच रकाना कामाला येतो: ‘अँपेर्मेआबिलिझे’ दिसलं तर जलरोधक करा असं लिहावं, ‘अँप्रेन्ये’ दिसलं तर मुरवा.