गाडी खाली केल्यावर चाकं कुठली? १७ इंच, ७.५ जे, ईटी ४२ वर २१५/४५ : आठ महिने वापरून

सरळ सांगतो, हा रिव्ह्यू माझ्या चाकांच्या दुसऱ्या सेटचा आहे. पहिला सेट चार महिन्यांत विकावा लागला कारण तो मी डोळ्यांनी निवडला होता, टेपने नाही. गाडी कुठली ते मुद्दाम लिहीत नाहीये, नाहीतर कोणीतरी तोच साइज जसाच्या तसा उचलेल आणि आठवड्याने "भाऊ घासतंय" म्हणून मेसेज करेल. एवढंच सांगतो की हॅचबॅक आहे, कंपनीकडून ६.५ जे (रिमची रुंदी, इंचात) ईटी ४६ (चाक किती आत-बाहेर बसतं त्याचा आकडा, पुढे सांगतो) वर २०५/५५ आर १६ (टायरची रुंदी मिमीत, बाजूची उंची त्या रुंदीच्या किती टक्के, आणि रिम किती इंची) आले होते, पीसीडी ५×११२ (पाच बोल्ट, ११२ मिमीच्या वर्तुळावर), आणि कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारे स्प्रिंग-शॉकअप) लावून मी ती ४० मिमी खाली केलीये.

पहिला सेट होता १८ इंच, ८ जे, ईटी ३५, वर २२५/४०. उभ्या गाडीत दिसायला कडक, आर्चच्या (चाकावरच्या बॉडीच्या कमानीच्या) बरोबर रेषेत, शेजारच्यांनीही थांबून बघितलं. मग मागे दोन जण बसले आणि पहिल्याच स्पीडब्रेकरवर खर्रर्र. विकणारा म्हणाला होता बसेल, आणि बसलं की बरोबर, फक्त गाडी उभी असताना.

आता गणित, कारण सगळी गोम इथेच आहे. ईटी म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्याला) टेकणारी बाजू किती मिमी बाहेर आहे ते, म्हणजे ईटी कमी झाला की चाक तेवढं बाहेर येतं. रुंदी वाढली की अर्धी बाहेर अर्धी आत वाढते. ६.५ चं ८ केलं म्हणजे दीड इंच, ३८ मिमी, त्यातले १९ बाहेर, वर ईटीचे ११, म्हणजे रिमची कड मूळ जागेपेक्षा ३० मिमी बाहेर! हे गणित मी सेट विकताना केलं, घेताना नाही, तेव्हा हसू नका.

पण रिमचं गणित वेगळं आणि टायरचं वेगळं, हे मला फार उशिरा कळलं. फेंडरला घासतो तो टायरचा खांदा, रिम नाही. आणि टायरवर लिहिलेला आकडा म्हणजे खरी रुंदी नव्हेच, २०५/५५ आर १६ हा ६.५ च्या रिमवर प्रत्यक्षात साधारण २१४ मिमी भरतो, आणि २१५/४५ आर १७ हा ७ च्या रिमवर २१३, म्हणजे "रुंद" टायर जवळपास तेवढाच! रिम अर्धा इंच वाढवला की तोच टायर साधारण ५ मिमी फुगतो. त्यामुळे आत्ताच्या सेटमध्ये रिम जवळजवळ १७ मिमी बाहेर आलीये पण टायरचा फुगवटा फक्त ६ मिमीच्या आसपास. बाहेरून भरल्यासारखं दिसतं आणि खांदा मात्र आर्चच्या आतच राहतो, मला नेमकं हेच हवं होतं.

आतली बाजू पण बघा, कॉइलओव्हरवाल्यांनी तर आधी तीच बघा. खाली केल्यावर स्प्रिंगची खालची कॉलर (स्प्रिंग जिच्यावर टेकते ती रिंग) टायरच्या शेजारी येऊन बसते. माझ्याकडे तिथे ६ मिमी जागा उरलीये, मला तेवढी पुरते. काही जण इथे स्पेसर (हब आणि चाकामधली चकती) टाकून मोकळे होतात, १० मिमीचा स्पेसर म्हणजे ईटी ४२ चा सरळ ईटी ३२, आणि मग बाहेरचं घासणं परत सुरू. शिवाय बोल्ट तेवढे लांब घ्यावे लागतात, ते विसरू नका.

व्यासाचं सांगतो पटकन. मूळ ६३२ मिमी, २१५/४५ आर १७ चा ६२५, म्हणजे एक टक्का कमी, स्पीडोमीटर जरासा जास्त दाखवतो, चालतंय. २२५/४५ आर १७ घेतला असता तर ६३४, आकड्याने मूळच्या अगदी जवळ, आणि सगळीकडे हाच सल्ला मिळतो. साध्या उंचीच्या गाडीला मीही तोच देईन. पण खाली केलेल्या गाडीत आर्चखाली प्रत्येक मिलिमीटर मोजून वापरायचा असतो, त्यामुळे मी लहान बाजूला गेलो. त्रिज्येत फरक साडेचार मिमीचाच आहे पण माझ्या मागच्या आर्चमध्ये वाचलेली जागा पण तेवढीच आहे.

घेण्याआधी यावेळी नीट तपासणी केली, ओळखीच्या एकाकडे तोच रिम होता तो एका दिवसासाठी उसना आणला. एका बाजूची स्प्रिंग काढली, चाक लावलं, खालून जॅकने सस्पेन्शन बंप स्टॉपला (चाकाला वर अडवणाऱ्या रबराला) टेकेपर्यंत वर ढकललं आणि मग स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. खरं चित्र तेव्हाच दिसतं. लोकांना वाटतं गाडी खाली आली म्हणून चाक जास्त वर जातं, तर तसं नाहीये, चाक कुठवर वर जाणार ते बंप स्टॉप ठरवतो, फक्त खाली केलेली गाडी त्या टोकाजवळ सारखीच जात असते, आणि कॉइलओव्हरचा बंप स्टॉप बहुतेक वेळा छोटा असतो म्हणून चाक खरंच थोडं वर चढतं. जिथे फट दिसत नाही तिथे पोरांच्या खेळण्यातली मातीची गोळी चिकटवायची, दबून किती उरली ते मोजायचं. अर्धा दिवस गेला, पण पहिल्या सेटमध्ये चार महिने गेले होते.

टायर घेताना लोड इंडेक्स (टायर किती वजन उचलतो त्याचा आकडा) बघितला का? मूळ ९१, म्हणजे एका टायरला ६१५ किलो. २१५/४५ आर १७ साधा घेतला तर ८७ मिळतो, ५४५ किलो, तो घेऊ नका. एक्सएल (जास्त वजनासाठी मजबूत केलेला टायर) मध्ये ९१ मिळतो. पण एक्सएल ला तेवढंच वजन उचलायला हवा जास्त लागते, दारावरच्या स्टिकरवर ३२ पीएसआय आहे, मी ३७ ठेवतो. ३२ वर चालवून "राइड मऊ आहे" म्हणणारे भेटलेत मला, त्यांच्या टायरच्या कडा जाऊन बघा एकदा.

आता चालवायला कसंय? १८ पेक्षा शंभर टक्के बरं. साइडवॉल (टायरच्या बाजूची उंची) मूळची ११३ मिमी होती, १८ वर ९० होती, आता ९७. सात मिमीत काय फरक पडतो म्हणाल, तर खड्ड्यात कळतो, १८ च्या सेटवर एक रिम वाकली होती, यावर आठ महिन्यांत एकही नाही (लाकडाला हात लावतो). चाकाचं वजन पण टायरसकट अडीच किलोने कमी भरलं घरच्या काट्यावर. वळणावर गाडी मूळच्या १६ पेक्षा लगेच वळते, सरळ रस्त्यावर खाचांमध्ये थोडी ओढली जाते, तेवढं सहन करतो.

तक्रारी आहेत. या रिमचं मधलं भोक ७३.१ मिमी आणि माझा हब ५७.१, मधली फट भरणाऱ्या रिंगा सोबत आल्याच नाहीत, त्यामुळे ९० च्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं, दोनदा बॅलन्सिंग करून झालं आणि मग कळलं. रिंगा टाकल्यावर गेलं. दुसरं म्हणजे बोल्ट, मूळ बोल्टची सीट (रिमला टेकणारा भाग) गोल आणि या रिमची कोनासारखी, जुनेच लावले तर नीट बसतच नाहीत आणि चाक सैल होऊ शकतं, हे बॉक्सवर मोठ्या अक्षरात लिहायला काय झालं होतं? रंग मात्र चांगला टिकलाय.

अजून एक, क्रम चुकवू नका. आधी गाडी खाली करा, काही आठवडे चालवा, स्प्रिंगा बसतात आणि गाडी अजून चार-पाच मिमी खाली येते, मग अलाइनमेंट, मग मोजमाप, आणि त्यानंतर चाकं. मी पहिल्यांदा चाकं आधी आणली होती. अलाइनमेंट न करता फिरलो तर आतल्या कडा तासल्यासारख्या गेल्या, मला वाटलं कॅम्बरमुळे (चाक वरून आत झुकल्यामुळे), पण खाली केल्यावर टो (चाकं पुढून आत-बाहेर वळलेली असणं) पण बिघडतो आणि टायर जास्त तोच खातो.

पाचपैकी चार. एक कापला कारण चार माणसं आणि सामान असलं की मागचं डावं चाक मोठ्या उंचवट्यावर अजूनही लायनरला (आर्चच्या आतल्या आवरणाला) हलकं टेकतं, उजवं नाही. मोजलं तर डाव्या बाजूची फट तीन मिमीने कमी निघाली, गाडी कारखान्यातूनच तशी आली असणार. आधी दोन्ही बाजू मोजल्या असत्या तर हाच रिम ईटी ४५ मध्ये घेतला असता, मिळत होता.