पॉवरलाइन अडॅप्टर अडखळतोय: त्यालाच सुधारायचं, मेश घ्यायचं की केबल ओढायची?

पॉवरलाइन अडॅप्टरची जोडी राउटरचं इंटरनेट घरातल्या विजेच्या तारांतून दुसऱ्या खोलीत नेते. ती अडखळत असेल तर नवं काही विकत घेण्याआधी दोष नेमका कुठे आहे ते शोधा. लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडून राउटरच्या पत्त्याला सतत पिंग करा, म्हणजे उत्तर किती मिलिसेकंदांत येतं ते पाहत राहा. तिथेही आकडे उड्या मारत असतील तर अडॅप्टर निर्दोष आहे. ते स्थिर असतील तर दोन्ही अडॅप्टर एकाच खोलीत, भिंतीवरच्या दोन सॉकेटमध्ये लावा. तिथे नीट चालले तर बिघाड वायरिंगच्या वाटेत.

पॉवरलाइन बहुतेक वेळा सॉकेटमुळे फसतं. एक्स्टेन्शन बोर्ड, त्यातही सर्ज प्रोटेक्टरचा, सिग्नल गिळतो. अडॅप्टर थेट भिंतीतच हवा. थ्री फेज घरात दोन खोल्या वेगळ्या फेजवर असल्या तर सिग्नल पोचतो, पण क्षीण. इलेक्ट्रिशियनला फेज तपासायला सांगा. एक अडॅप्टर इन्व्हर्टरच्या लाइनवर आणि दुसरा थेट लाइनवर असेल तर जोडणी डळमळते, शिवाय वीज गेली की दुसरा बंदच. स्वस्त चार्जर, एलईडी दिवे आणि मिक्सर लाइनवर गोंगाट सोडतात. एकेक बंद करत पिंग पाहा, गुन्हेगार सापडतो. एव्ही२ मायमो (एकाहून जास्त तारांच्या जोड्यांवर सिग्नल पाठवणारा प्रकार) अडॅप्टर अर्थिंगची तारही वापरतो, त्यामुळे टू-पिन कन्व्हर्टर लावला की तो फायदा गेला. खोक्यावरचा १००० एमबीपीएस हा आकडाही कागदावरचा. प्रत्यक्षात त्याचा छोटासा हिस्साच हाती येतो. ६०० वाल्या अनेक मॉडेलांचं तर लॅन पोर्टच १०० एमबीपीएसचं असतं.

मेश, म्हणजे वाय-फाय एकमेकांकडे पुढे देणारी दोन-तीन युनिटं, हे मोबाइल घेऊन घरभर फिरणाऱ्यांसाठी बरं. पण दोन युनिटांमध्ये आरसीसी भिंत किंवा स्लॅब आला की ५ गिगाहर्ट्झचा दुवा लंगडतो. दुसरं युनिट सिग्नल अजून चांगला आहे तिथे, वाटेवर ठेवा. सिग्नल संपतो त्या खोलीत नको.

कॅट ६ केबल एका जागी बसलेल्या पीसीला, टीव्हीला आणि ऑफिसच्या कामाला आमच्या मते निःसंशय सरस: १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट, तेही फेज आणि इन्व्हर्टरची पर्वा न करता. भिंत फोडायची नसेल तर स्कर्टिंगच्या कडेने पीव्हीसी केसिंग-पट्टीतून न्या. पॉवरलाइनला पसंती द्या ती भाड्याच्या घरात, केबल ओढूच देत नसतील आणि दोन्ही सॉकेट एकाच फेजवर असतील तेव्हाच.

केबल घेताना शुद्ध तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची नको. आणि ती विजेच्या तारांच्या पाइपात घालू नका: इन्सुलेशन खराब झालं तर २३० व्होल्ट थेट उपकरणात उतरतील.