हिशेब येतो, इंग्रजी अडतं: एका सराव-संचाबद्दल

हिशेब लिहिण्यात माझी 27 वर्षं गेली. ताळेबंद जुळवताना हात थांबत नाही, पण परदेशातल्या ग्राहकाला दोन ओळींची इंग्रजी मेल लिहायची म्हटलं की अर्धा तास जातो. मागे एकदा ‘आम्ही त्यांना रक्कम उसनी दिली’ असं सांगायचं होतं आणि मी लिहून बसले, ‘वुई बॉरोड देम द अमाउंट’. (‘बॉरो’ म्हणजे उसने घेणे, मला हवं होतं ‘लेंड’, उसने देणे.) पलीकडून अगदी नम्रपणे विचारणा आली की नक्की कोण कोणाचं देणं लागतं. हिशेबनिसाला हा प्रश्न यावा! त्याच आठवड्यात हा ऑनलाइन सराव-संच घेतला. विषय दोनच: पैशांचे शब्द आणि रिलेटिव्ह क्लॉज, म्हणजे आपलं जो-तो, ज्याला-त्याला.

या दोघांची मोट एकत्र का बांधली असेल, असं आधी वाटलं होतं. दुसऱ्या धड्यात उलगडा झाला. इथे शब्दाचा अर्थ पाठ करायला देत नाहीत, तो शब्द इंग्रजीतच समजावून सांगायला लावतात. ‘फेअर’ म्हणजे प्रवासासाठी जे पैसे मोजतो ते. ‘फाइन’ म्हणजे नियम मोडला म्हणून जे भरावे लागतात ते. असं सांगायला गेलं की ‘हू’, ‘विच’, ‘दॅट’ हे आलेच. ‘डेटर’ मला पटकन जमला: ‘समवन हू ओज मनी’. ‘क्रेडिटर’ला मात्र तीनदा चुकले, कारण तिथे ‘समवन हू इज ओड मनी’ असं म्हणावं लागतं. ऋणको आणि धनको यांच्यातला सगळा फरक त्या इवल्याशा ‘इज’वर आणि बदललेल्या क्रियापदावर उभा!

‘लेंड’ आणि ‘बॉरो’ची माझी जुनी जखमही इथेच भरली. आपल्याकडे ‘उसने’ एकच, पुढे ‘देणे’ किंवा ‘घेणे’ लावलं की भागतं. इंग्रजीत पैसे कुठून कुठे गेले ते क्रियापदातच ठरलेलं असतं. संचात दोन माणसांची चित्रं आणि मधे बाण आहे. बाण उलटा केला की क्रियापद बदलायचं. बालवाडीतला खेळ वाटतो, पण माझ्या डोक्यात तोच बसला.

ध्वनिफिती चांगल्या, सावकाश बोललेल्या आहेत. ‘डेट’ म्हणजे कर्ज, त्यातला ‘बी’ लिहायचा पण उच्चारायचा नाही. (देवनागरीत लिहिलं तर कर्ज आणि तारीख दोन्ही ‘डेट’च. वसुलीवाल्यांना हे आवडेल.)

जिथे संच कमी पडतो ती जागा जो-तोची. मी लिहिलं, ‘द मॅन हू लेंट मी मनी, ही इज कमिंग टुमारो’. पडद्यावर लाल फुली आली, का ते कुणी सांगितलं नाही. दोन दिवसांनी माझं मलाच सुचलं. आपल्याला ‘जो’ म्हटला की ‘तो’ हवाच असतो. ‘ज्याचं जळतं त्याला कळतं’ यातला ‘त्याला’ काढून बघा, वाक्य लंगडतं. इंग्रजीत मात्र ‘हू’ आला की पुढचा ‘ही’ नको. मराठी माणसाची ही हमखास होणारी चूक. एका ओळीत समजावता आली असती.

‘दॅट’ गाळलेल्या वाक्यांचंही तसंच. ‘द मनी आय लेंट हिम’ हे मला कितीतरी दिवस अर्धवट वाटायचं. मग लक्षात आलं, आपणही ‘मी त्याला दिलेले पैसे’ म्हणतोच की! तिथे ‘जे’ कुठे असतं? फक्त आपले पैसे शेवटी येतात, त्यांचे सुरुवातीला. पण ही सूट सगळीकडे नाही. ‘ज्याने मला पैसे दिले तो माणूस’ म्हणताना ‘हू’ गाळला की वाक्यच मोडतं.

स्वल्पविरामाचा धडा मात्र एकट्याने पैसे वसूल करतो. ‘द इन्व्हॉइसेस विच वेअर लेट वेअर रिटर्न्ड’ म्हणजे जी बिलं उशिरा आली तेवढीच परत गेली. तेच ‘विच वेअर लेट’ दोन स्वल्पविरामांच्या मधे घातलं की सगळीच बिलं उशिरा आली होती आणि सगळीच परत गेली. गठ्ठ्यातली चार बिलं की अख्खा गठ्ठा, हे एका टिंबाशेपटीवर ठरतं. मी लगेच माझ्या जुन्या मेल उघडून पाहिल्या आणि गपचूप बंद केल्या. एवढा मोलाचा भाग, आणि त्यावर सराव म्हणून जेमतेम सहा वाक्यं. त्याउलट नाणी-नोटांची नावं जुळवण्यात दोन धडे खर्ची घातलेत, ते सरळ सोडून द्या.

तपासणीचा हट्टीपणा हा सगळ्यात मोठा दोष. मी ‘द मॅन आय लेंट द मनी टू’ लिहिलं तर चूक, त्यांना ‘द मॅन टू हूम’च हवं. दोन्ही बरोबर आहेत. बोलताना तर माझंच जास्त चालतं. स्वल्पविराम नसलेल्या वाक्यात ‘विच’च्या जागी ‘दॅट’ टाकलं तरी गुण कापले. तक्रार पाठवली, ‘नोंद घेतली आहे’ एवढंच उत्तर आलं.

पाचपैकी साडेतीन. इंग्रजीची अगदी सुरुवात असेल तर घेऊ नका, पाचव्या धड्यापासून दमछाक होईल. पैशांचे व्यवहार रोज हाताळता आणि लिहिताना अडखळता, असं असेल तर घ्या, आणि उत्तरं तपासायला जवळ एखादं जाणतं माणूस ठेवा.