डॅशकॅमच्या वायरिंगपायी २४,१५० रुपये गेले. हायवेवरच्या दुकानात गाडी देण्याआधी वाचा

२४,१५० रुपये. यात डॅशकॅम, म्हणजे काचेमागून रस्त्याचं चित्रण करणारा कॅमेरा, धरलेला नाही, तो वेगळा घेतला होता. हे नुसते त्याला करंट देण्याचे.

मुंबई-गोवा हायवेवर ज्याची जा-ये आहे त्याला डॅशकॅम कशाला लागतो हे सांगायला नको. काम २०११ पासून चालू आहे, आणि उलट्या बाजूने येणारा डंपर आपल्यालाच हॉर्न मारतो. माझी गाडी ऑटो स्टार्ट-स्टॉपची, म्हणजे सिग्नलला इंजिन आपोआप थांबतं आणि निघताना आपोआप सुरू होतं. कुडाळच्या अलीकडे रस्त्याला लागून ॲक्सेसरीजचं एक दुकान आहे (नाव लिहीत नाही, तक्रार केली आहे). तिथला मालक पहिल्याच भेटीत म्हणाला, "काका, ह्या गाडीत इंजिन बंद झाला काय कॅमेरो पण बंद. अपघात नेमको तेव्हाच होतलो."

धादांत खोटं! सिग्नलला इंजिन थांबतं तेव्हा इग्निशन चालूच असतं, कॅमेरा बंद पडायचं कारण नाही. पुन्हा स्टार्ट होताना स्टार्टर करंट ओढतो, क्षणभर व्होल्टेज उतरतं आणि अडॅप्टर भिकार असेल तर कॅमेरा रीस्टार्ट होतो, एवढंच. पण हे तेव्हा कोणाला माहीत होतं?

हार्डवायर किट (कॅमेरा थेट गाडीच्या वायरिंगला जोडायचा संच) २,४५०, फिटिंग ६००. डब्यावर तीन वायरींचं चित्र होतं: पिवळी बॅटरीची, लाल ॲक्सेसरीची (चावी फिरवल्यावरच करंट येणारी), काळी अर्थची. डॅशबोर्डखाली लोंबत होत्या दोन. आणि मी विचारलं होतं! हे मुद्दाम लिहितोय, कारण घरचे म्हणतात तुम्ही बघत का नव्हता. मी बघत होतो. "तिसरी खंय?" म्हटलं, तर म्हणाला, "स्टार्ट-स्टॉपाक दोनच लागतत. तिसरी लायली तर ईसीएम उडतलो." ईसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर; पन्नास हजारांचा पार्ट उडेल म्हटल्यावर कोण वाद घालणार? तिथेच गाडी बाहेर काढायला हवी होती. गाडी बंद झाली हे कॅमेऱ्याला त्या लाल वायरीवरूनच कळतं, मगच तो पार्किंग मोडला, म्हणजे उभ्या गाडीवर नजर ठेवायला, जातो. शिवाय व्होल्टेज ठरावीक आकड्याखाली गेलं की करंट तोडणं हे किटचं काम. त्याने किट ठेवून घेतलं आणि काहीशे रुपयांचा दोन वायरींचा कन्व्हर्टर कायम चालू राहणाऱ्या फ्यूजला डकवला. रिकामा डबा तेवढा माझ्या हातात दिला, वर "वॉरंटीक ठेवा" म्हणून.

मग कॅमेरा रीस्टार्ट व्हायला लागला. त्यावर 'व्होल्टेज स्टॅबिलायझर', ३,२००. नंतर उघडला तर आत एक कपॅसिटर आणि हिरवा दिवा.

पुढे ऑटो-स्टॉपच होईना. "एसीमुळे" म्हणाला. एसीमुळेही कधी कधी होत नाही हे खरं, म्हणून पटलं. खरं कारण वेगळं होतं: बॅटरीत चार्ज कमी असला की गाडी ती सोय आपोआप बंद ठेवते. तुमच्या गाडीत हे अचानक सुरू झालं तर आधी बॅटरी तपासून घ्या, दुसऱ्या माणसाकडे.

गणपतीत गाडी खळ्यात उभी. पाच वॅटचा कॅमेरा रात्रंदिवस चालला तर दिवसाला दहा ॲम्पियर-अवर खातो, आणि बॅटरी जेमतेम साठची. गौरी-विसर्जनाच्या दिवशी गाडी मेलेली, घरात पाहुणे. हा दुकानदार सणाचा घरी आला म्हणून मी त्याला मोदकसुद्धा खिलवले. 'स्टार्ट-स्टॉपची' बॅटरी ७,८००. जुनी भंगार म्हणून घेऊन गेला, एक रुपया वजा नाही.

सर्व्हिस सेंटरला स्टिकर खरवडला तर खाली साधी बॅटरी. स्टार्ट-स्टॉपला ईएफबी किंवा एजीएम, म्हणजे पुन्हा पुन्हा स्टार्ट होणं सोसणारी बॅटरी, लागते, साधी फार टिकत नाही. माझी जुनी चांगली ईएफबी नुसती चार्ज केली असती तरी चालली असती असं तेच म्हणाले. नवी ईएफबी ८,९००, वायरिंग नीट करायला १,२००. वॉरंटीत काही मिळालं नाही, कारण बाहेरची वायर जोडलेली!

आता सरकारी दारं. चौकीत पहिला प्रश्न, बिल आहे का. होतं, पॅडच्या कागदावर 'सामान व लेबर', जीएसटी नंबर नाही. मग म्हणाले ही दिवाणी बाब. म्हणजे चोराने पावती दिली नाही म्हणून ती चोरी नाही? दुसऱ्या ऑफिसात म्हणाले आमच्या कक्षेत येत नाही, तिसऱ्यात साहेब मीटिंगला, आणि चौथीकडे मलाच विचारलं, "तुम्ही शिकलेले दिसता, मग कसे फसलात?" पगार ह्यांना कशाचा मिळतो? त्या दुकानदाराला मात्र एकाचाही फोन गेला नाही.

शेवटी ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, खरेदी पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर फोनमध्ये ठेवा. आणि अर्थची वायर बॅटरीच्या मायनसला लावू देऊ नका, बॉडीला लावायला सांगा, नाहीतर तिथल्या बॅटरीचा चार्ज मोजणाऱ्या सेन्सरचा हिशोब चुकतो. जुनी बॅटरी हातातून सोडण्याआधी तिचा फोटो काढा.

माझ्याकडे फक्त तो पॅडचा कागद आहे. तसलाच कागद तुमच्याकडे असेल, अक्षर डावीकडे झुकलेलं आणि खाली सही नाही, तर मला कळवा. दोघांची तक्रार एकत्र करता येते का ते विचारून घेतो.