जिवाणूंची बाटली, जिप्समची पोती की नुसतं पाणी?

शेतात पांढरं मीठ फुटायला लागलं की सल्ल्यांना तोटा नसतो. एक जण जिप्सम टाकायला सांगतो. दुसरा म्हणतो, पाणी कोंडा आणि धुऊन काढा. तिसरा एक बाटली पुढे करतो: यातले जिवाणू मुळांना धरून राहतात, खारट जमिनीतही पीक तग धरतं. चौथा सल्ला म्हणजे पीकच बदला. तो कुणालाच आवडत नाही, म्हणून शेवटी येतो. चौघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. घोळ होतो तो ही चार औषधं एकाच दुखण्यावरची समजल्यामुळे. पहिली दोन जमिनीवर काम करतात, उरलेली दोन झाडावर. मीठ हलवायचंय की मिठासकट पीक काढायचंय, हे आधी ठरवावं लागतं.

आधी कागद बघा

माती परीक्षणाच्या कागदावर तीन आकडे शोधा: सामू म्हणजे पीएच, विद्युत वाहकता म्हणजे ईसी (विरघळलेल्या क्षारांचं माप), आणि विनिमययोग्य सोडियमची टक्केवारी म्हणजे ईएसपी (मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमचं माप). अमेरिकेतल्या रिव्हरसाइडच्या क्षारता प्रयोगशाळेनं १९५४ साली ज्या सीमारेषा छापल्या, त्याच आजही बहुतेक ठिकाणी वापरतात. ईसी ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर आणि ईएसपी १५ च्या खाली असेल तर जमीन क्षारयुक्त. ईएसपी १५ च्या वर, ईसी ४ च्या खाली आणि सामू ८.५ च्या वर असेल तर चोपण. ईसी आणि ईएसपी दोन्ही चढे असतील तर क्षारयुक्त-चोपण.

एक खाचखळगा इथेच आहे. हा ४ चा आकडा मातीचा संपृक्त लगदा करून त्यातून काढलेल्या पाण्याचा आहे. बऱ्याच प्रयोगशाळा एक भाग मातीत दोन किंवा अडीच भाग पाणी घालून मोजतात. पाणी जास्त, म्हणून तीच माती कागदावर बरीच गोडी दिसते. मोजणी कशी केली हे कागदावर नसेल तर विचारून घ्या. मोजणीची पद्धत न बघता ‘ईसी दीडच आहे’ म्हणून निर्धास्त राहिलेले लोक पेरणीनंतर विरळ उगवण बघत बसतात.

ईएसपीचा आकडा हाती नसेल तर घरी एक पेला पुरतो. वाळलेलं, मटाराएवढं ढेकूळ पेल्यातल्या पावसाच्या पाण्यात हलकेच सोडा आणि ढवळू नका. काही तासांत ढेकळाभोवती दुधाळ ढग पसरला तर सोडियमनं मातीचे कण सुटे केले आहेत, म्हणजे संशय चोपणाचा. ढेकूळ नुसतं फुटलं आणि पाणी नितळ राहिलं तर तेवढी धास्ती नाही. ही चाचणी कागदाची जागा घेत नाही, पण कोणत्या रांगेत उभं राहायचं ते सांगते.

जिवाणू नेमकं काय करतात

मीठ झाडाला दोन टप्प्यांत छळतं. पहिला टप्पा तहानेचा. मातीतलं पाणी जितकं खारट तितकं ते मुळाला ओढून घ्यायला जड. ईसी १० असेल तर सुमारे ३.६ बारचा ताण वाढतो, म्हणजे ओल्या मातीत उभं राहूनही झाड तहानलेलं. दुसरा टप्पा विषाचा: सोडियम आणि क्लोराइड जुन्या पानांत साठत जातात, आधी टोकं करपतात, मग कडा.

याच्या जोडीला झाड स्वतःच एक घोटाळा करतं. ताण आला की ते इथिलीन हे वायुरूप संप्रेरक जास्त बनवतं आणि त्यामुळे मुळांची वाढ खुंटते. मिठाशी झुंजायला ज्या मुळांची गरज, तीच आखडतात. काही जिवाणूंकडे एसीसी डिअमिनेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. इथिलीन ज्या कच्च्या मालापासून बनतं तो एसीसी हे जिवाणू फोडून खातात, त्यातून त्यांना नत्र मिळतं. माल कमी, म्हणून इथिलीन कमी, आणि पांढरी मुळी वाढत राहते. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठातल्या बर्नार्ड ग्लिक यांनी ही मांडणी १९९८ मध्ये केली.

त्यांच्याच सहभागाचा २००४ सालचा टोमॅटोच्या रोपांवरचा प्रयोग मला या सगळ्या विषयाची किल्ली वाटतो. इस्रायलमधल्या अरावाच्या कोरड्या प्रदेशातून वेगळा केलेला *अक्रोमोबॅक्टर पायशॉडी* हा जिवाणू लावल्यावर खारट पाण्यातली रोपं स्पष्टपणे जास्त भरली. इथिलीनही घटलं. पण रोपांतलं सोडियम कमी झालं नाही. झाडात मीठ होतं तेवढंच राहिलं, फक्त ते झाडाला कमी बोचलं.

सगळे जिवाणू एकाच वाटेनं जात नाहीत. *बॅसिलस सबटिलिस*चा जीबी०३ हा प्रकार हवेत सोडलेल्या वासाच्या द्रव्यांनीच अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या रोपट्यातली सोडियमची वाहतूक बदलतो, हे २००८ मध्ये दिसलं. काही जिवाणू मुळाभोवती चिकट बहुशर्करेचा लेप तयार करतात आणि सोडियम त्यात अडकतं. काही प्रोलिन, ट्रेहॅलोज यांसारख्या ताण सोसायला मदत करणाऱ्या द्रव्यांची बाजू बळकट करतात.

म्हणजे बाटलीमागचं शास्त्र खरं आहे. अडचण कुंडी आणि शेत यांच्यातल्या अंतराची आहे. उत्तम निकाल बहुतांशी कुंडीतले, रोपावस्थेतले, कित्येकदा निर्जंतुक मातीतले. शेतात आधीपासून राहणारे कोट्यवधी सूक्ष्मजीव पाहुण्याला जागा देत नाहीत, आणि सोडलेल्या जिवाणूंची संख्या काही आठवड्यांत घसरते. म्हणून दर हंगामी पुन्हा लावावे लागतात.

जिप्समसमोर जिवाणू

चोपण जमिनीत ही तुलना लगेच संपते. तिथं चिकणमातीच्या कणांना सोडियम चिकटलेलं असतं, कण सुटे होतात, छिद्रं बुजतात, वर पापडी धरते. पाणी साचतं तेव्हा साचूनच राहतं आणि वाळलं की वीट. वाफसा म्हणावा असा दिवस हाती लागत नाही. इथं सोडियमच्या जागी कॅल्शियम बसवणं एवढाच इलाज, आणि ते जिप्सम देतं. वरच्या ३० सेंटीमीटर थरात १०० ग्रॅम मातीमागे १ मिलिसममूल्य (कागदावर meq) सोडियम हटवायला हेक्टरी साधारण साडेतीन ते चार टन जिप्सम लागतं. टनांचं काम लिटरभर जिवाणू संवर्धक करेल असं कुणी सांगत असेल तर त्याला हा हिशेब मांडायला सांगा.

जिवाणूंनी इथंही एक दार उघडं ठेवलंय, पण ते वेगळ्या जिवाणूंचं. जमिनीत चुनखडी असेल तर गंधक टाकतात. गंधक खाणारे जिवाणू त्याचं गंधकाम्ल करतात, आम्लानं चुनखडी विरघळते आणि जिप्सम जमिनीतच तयार होतं. ऊब आणि ओल हवी, शिवाय काही आठवडे ते महिने थांबायची तयारी हवी. चुनखडी नसलेल्या जमिनीत या वाटेला जाऊ नये.

पाण्यासमोर जिवाणू

नुसत्या क्षारयुक्त जमिनीला पाण्यासारखं औषध नाही. ढोबळ हिशेब असा की एक फूट खोलीच्या मातीतून एक फूट गोडं पाणी खाली उतरवलं तर विद्राव्य क्षारांपैकी ७० ते ८० टक्के निघून जातात. अट एकच, पण मोठी: ते पाणी खाली उतरून बाहेर पडायला हवं. भूजल दीड मीटरवर येऊन बसलं असेल तर धुतलेलं मीठ केशाकर्षणानं पुन्हा वर येतं, आणि तुम्ही केलेली धुलाई ही फक्त मिठाची सहल ठरते. तिथं आधी चर किंवा जमिनीखालचे सच्छिद्र पाइप.

क्षारयुक्त-चोपण जमीन इथं फसवते. क्षार आहेत तोवर कण एकमेकांना धरून असतात. जिप्सम न टाकता गोड्या पाण्यानं धुतलं की क्षार जातात, सोडियम मागे राहतं आणि बरी दिसणारी जमीन अस्सल चोपण होऊन बसते. त्यामुळे आधी जिप्सम, मग पाणी. हा क्रम उलटवू नये.

जिवाणूंचा विचार खरा सुरू होतो तो इथून: धुवायला गोडं पाणी नाही, किंवा सिंचनाचं पाणीच खारट आहे, किंवा निचऱ्याचं काम आहे पण या हंगामात होणार नाही.

पिकासमोर जिवाणू

मास आणि हॉफमन या अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये पिकांच्या सहनशक्तीचे आकडे मांडले. प्रत्येक पिकाला एक उंबरठा, त्यापुढे ईसीच्या प्रत्येक डेसिसायमनला उत्पादनात ठरावीक घट. घेवड्याचा उंबरठा १, मक्याचा १.७, टोमॅटोचा २.५, भाताचा ३, गव्हाचा ६, कापसाचा ७.७, बार्लीचा ८.

आता टोमॅटोचा हिशेब करू. उंबरठ्यापुढे दर डेसिसायमनला ९.९ टक्के घट. ईसी २ असेल तर घटच नाही, जिवाणूंनी भरून काढायचं काय? ईसी ५ ला सुमारे २५ टक्के घट. त्यातला काही भाग जिवाणू परत मिळवून देऊ शकतात. ईसी १२ ला जवळजवळ सगळंच गेलेलं असतं, तिथं बाटली रिकामी करूनही हाती काही लागत नाही. म्हणजे फायद्याचा पट्टा मधला आणि अरुंद. तो प्रत्येक पिकागणिक सरकतो. उलट ईसी ५ च्याच शेतात बार्ली घेतली तर घट शून्य, कुठलाही जिवाणू न लावता.

सहनशील वाण या दोघांच्या मधे बसतात. केरळातल्या खारट शेतांत पिकणाऱ्या पोक्काली भातातला सालटॉल हा जनुकीय भाग नव्या वाणांत उतरवला गेला. गव्हाच्या एका जंगली नातलगाकडून आणलेल्या जनुकानं खारट शेतात ड्युरम गव्हाचं उत्पादन २५ टक्क्यांपर्यंत वाढल्याचं २०१२ मध्ये नोंदलं गेलं. वाणाचा गुण बियाण्यातच असतो, साठवणीत मरत नाही. मला निवड करायची झाली तर मी आधी वाण शोधेन, मग त्याच बियाण्याला जिवाणूंची बीजप्रक्रिया करेन. दोघांत भांडण नाही.

बाटली घ्यायचीच असेल तर

ईसी तुमच्या पिकाच्या उंबरठ्याच्या थोडा वर आहे, ईएसपी १५ च्या खाली आहे आणि पाणी उतरतं आहे, तर करून बघण्यासारखं आहे. लेबलवर ‘उपयुक्त जिवाणू’ एवढंच लिहिलेलं असेल तर ठेवून द्या. जिवाणूचं नाव, दर मिलिलिटर किंवा ग्रॅममधली जिवंत संख्या (दहा कोटींच्या घरात असावी) आणि मुदत दिसली पाहिजे. *बॅसिलस* बीजाणू धरून बसतो, म्हणून उष्णतेत आणि साठवणीत टिकतो. *स्यूडोमोनास*ला ती सोय नाही, तो ताजाच हवा. तांबेयुक्त किंवा जिवाणूंना मारक अशा इतर रसायनाची प्रक्रिया केलेल्या बियाण्यावर जिवाणू लावणं म्हणजे त्यांना मारायलाच नेणं. बीजप्रक्रिया सावलीत करायची आणि लगेच पेरायचं. रोपं असतील तर मुळं द्रावणात बुडवून लावणं सगळ्यात खात्रीचं, कारण जिवाणूला मूळ शोधत फिरावं लागत नाही.

आणि चार ओळी मोकळ्या ठेवा. त्याच शेतात, त्याच दिवशी, तेच बियाणं, फक्त जिवाणू न लावता. शक्यतो दोन ठिकाणी, कारण मीठ शेतभर सारखं नसतं आणि एकीकडचा गोडा तुकडा सगळं श्रेय बाटलीला देऊन मोकळा होतो. उगवण मोजा, तिसऱ्या आठवड्यात दोन्हीकडची पाच-पाच रोपं मातीसकट उपटून मुळं धुवा आणि शेजारी शेजारी ठेवा. पांढऱ्या मुळ्यांत फरक दिसला नाही तर कापणीपर्यंत वाट बघून तो दिसण्याची आशा थोडीच.